चार डॉक्टर, एक दुखणं आणि आमची बायको

सकाळी उठल्यावर तासभर माझी मूठ वळत नसे. शेळीचं दूध काढायला बसलो की तीच मागं वळून बघायची, याचं काय चाललंय म्हणून. गुडघा सुजला, टाच ठणकू लागली, तेव्हा कळमनुरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कोपरांवर पांढऱ्या पापुद्र्यांचे चट्टे होते, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांचं मलम चालू होतं. मग एक डोळा लालभडक झाला. उजेड सोसेना. गावानं त्याचा अर्थ दारू असा लावला. मी चहापलीकडं कधी गेलो नाही, पण दोघं-तिघं संध्याकाळी फार आपुलकीनं जवळ येऊन बसू लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि विचारलं, "सांधे दुखतात का?"

"दुखतात. पण मी डोळा दाखवायला आलोय," मी म्हणालो.

त्यांनी हसून नांदेडच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं चिठ्ठी दिली. बाईंनी कोपरं पाहिली, नखांवरचे खळगे पाहिले. म्हणाल्या, "ही तीन दुखणी नाहीत, एकच आहे. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटलीय."

"म्हंजी राखणीचं कुत्रंच मालकाला चावून राहिलं?" सोबत आलेल्या बायकोनं विचारलं.

"अगदी तसंच."

रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि दर पंधरा दिवसांनी घरी घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. नर्स मला टोचायला शिकवू लागली. सुई बघूनच मला घेरी आली.

"द्या इकडं," बायको म्हणाली. "घरच्या समद्या शेळ्यांना मीच टोचते."

इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवली. लेकीनं डब्यावर लिहिलं, 'बाबाचं आहे, खाऊ नये.' पहिल्या दिवशी मी खाटेवर जरा सरकलो, तर बायकोनं सवयीनं माझ्या पायावर गुडघा रोवला.

"अगं, मी शेळी न्हाई!"

"व्हय, ठाऊक हाय. शेळी एवढी वरडत न्हाई."

तीनेक महिन्यांत सूज उतरली, चट्टे फिके झाले, डोळा निवळला. संध्याकाळची आपुलकीची मंडळीही हळूहळू पांगली. मला वाटलं, झालं काम. बाईंना म्हणालो, "आता बंद करू का?"

"बरं वाटतंय ते औषधानंच. स्वतःच्या मनानं सोडायचं नाही," त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी बायकोला हळूच सुचवलं, एखादा पंधरवडा चुकला तर काय होतंय?

तिनं माझ्याकडं बघत आपल्या गुडघ्यावर थोपटलं. ठरल्या दिवशी मी आपण होऊन मांडी पुढं केली.