जोडीदार कमी पडला की

साल्साचा क्लास निवडायचा म्हणून मी शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये ट्रायलला गेले होते. दारालगतच्या खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. पायात नाचायचे बूट, मांडीवर पर्स. नजर मात्र शिकवणाऱ्या सरांवर नव्हती. कोणाला तरी शोधत असल्यासारखी हॉलभर फिरत होती.

"आपण नाचत नाही?" मी विचारलं.

"आधी बघतेय. अहो, स्टेप्स सगळेच शिकवतात. जोडीदार कमी पडला की उरलेल्या माणसाचं काय करतात, ते बघायचं."

जोड्या लागल्या, पुरुष कमी पडले आणि उरले मीच. सर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज नुसतं बसून बघा."

मी खुर्चीकडे वळले, तेवढ्यात बाई उठल्या.

"बसून बघायला घरी टीव्ही आहे," त्यांनी सरांना ऐकवलं, पर्स खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. पुरुषाच्या स्टेप्स त्यांनी केल्या. गाणं संपल्यावर पर्स उचलून निघाल्या. तिथे नाव त्यांनी नोंदवलं नाही, मीही नाही.

त्या पुन्हा भेटल्या नाहीत. आता मी दुसरीकडे शिकते. तिथे कोणी नवी बाई उरली की हात मी पुढे करते. पुरुषाच्या स्टेप्स मी त्यासाठीच शिकले.