कॅमेऱ्याची कानटोपी

बर्फ बघायचा होता तो ह्यांना, मला नव्हे. ते राहूनच गेलं. म्हणून कॅसल हिलच्या लेकाच्या घरून निघताना ह्यांची कानटोपी मी पर्समध्ये टाकली. मीच विणलेली, तपकिरी. ठरवलं होतं, बर्फात उभं राहायचं, ती डोक्यावर घालायची आणि लेकाकडून एक फोटो काढून घ्यायचा. ह्यांच्या फोटोशेजारी लावायला. गाडीत लेकाला तसं सांगितलंही. "हो गं आई, नो वरीज," म्हणाला.

आता त्याच्या कॅमेऱ्याचं कौतुक ऐका. बाळंतिणीला जपणार नाहीत इतकं जपणं! थंडीत बॅटऱ्या पटकन उतरतात म्हणे, म्हणून जास्तीच्या दोन माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी. "आई, तू छान उबदार असतेस." मला वेडीला तेवढ्यानंही बरं वाटलं.

वर पोचलो तर बर्फाची भुरभुर, आणि कॅमेऱ्याचं कव्हर राहिलेलं घरी. मी फोटोसाठी म्हणून कानटोपी काढली मात्र, लेकाने हातातून घेतलीच. "दे, दे! परफेक्ट आहे!" चढवली की कॅमेऱ्याला! तोंडाच्या भोकातून लेन्स बाहेर. सगळे हसून बेजार. "आजी, सो क्यूट!" नात म्हणाली. सुनेने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

"अरे, आणि माझा?"

"काढतो ना. आधी तो डोंगर घेऊ दे, लाईट जाईल."

डोंगर झाला, झाडं झाली, नातीचं घसरणं झालं. माझ्याकडे दोनदा आला, तो बॅटरी न्यायला. मग त्याही संपल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत हीटर. कॅमेरा गारठ्यातून एकदम उबेत आणला की आत पाणी धरतं, म्हणून बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून आणला आणि कोपऱ्यात ठेवला. "कुणी हात लावू नका. हळूहळू सवय होऊ दे त्याला." मी ऐकत होते. हे गेले आणि महिन्याच्या आत पुण्याचं घर बंद करून मला इथे परदेशात आणलं. तेव्हा हळूहळू हा शब्द कुणाला आठवला नाही.

ग्रुपवर सगळे खिदळत होते. धाकट्या बहिणीने तेवढं मला वेगळं लिहिलं, "ताई, ही भाऊजींची ना गं?"

मी कानटोपी हीटरवर वाळवली.

सकाळी निघायच्या आधी लेक म्हणाला, "चल आई, तुझा फोटो. ती कानटोपी दे बघू."

ती माझ्या डोक्यावरच होती. "नाही मिळायची," म्हटलं.

"अगं, बर्फ पडतोय. कॅमेरा भिजेल ना!"

"मग राहू दे फोटो."

जाऊन गाडीत बसले. वाटेत हीटरने घाम फुटला, तरी घर येईपर्यंत डोक्यावरून काढली नाही.