तीन हिसके

"फोटोत झेंडा हाये ना तुझ्या हातात? मंग झालं! लोकांला दुसरं काय पाह्यचंय?"

"तो फोटो शिखरावरचा न्हाई, अप्पा. शेवटच्या तंबूपाशी काढल्ता. वर थंडीत हातमोजे काढता येत न्हाईत, म्हणून आधीच काढून ठेवल्ता."

"हळू बोल. वट्ट्यावर गावचे कारभारी बसलेत."

"बसू द्या."

राजनंदिनीनं पट्टी बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवला. हिमालयातल्या मकालू शिखराच्या वाटेवरून तिनं पाठवलेला तो फोटो गावी, धावड्यात पोचला, तसा तिच्या वडलांनी, भागवतअप्पांनी, 'पोरीनं शिखर गाठलं' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात पेढे, संध्याकाळी डीजे आणि जेसीबीच्या बकेटातून गुलाल. दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्त्यावर तो गुलाल तसाच पडलेला असताना, पोर शिखराच्या दीडशे मीटर खाली गुडघ्यांवर बसली होती. ऑक्सिजनची नळी गोठली होती आणि डोकं गरगरत होतं.

ते गरगरणं तिच्या ओळखीचं होतं. अकराव्या वर्षी, अंगानं हलकी म्हणून, विहिरीचा गाळ काढायला अप्पा तिलाच दोरानं खाली सोडायचे. "दोराला एक हिसका, सोडतो. दोन, थांबतो. तीन बसले की ओढणार, का म्हणून विचारणार न्हाई." खाली हवा खराब लागली की ती तीन हिसके द्यायची, आणि अप्पा खरंच ओढायचे. वर आली की पाण्याचा तांब्या पुढं. त्याच दोरानं तिला पुढं अजिंठ्याच्या डोंगरात नेलं, मग सह्याद्रीच्या सुळक्यांवर, मग हिमालयात.

"दीडशे मीटर!" अप्पा म्हणाले. "आपल्या सात विहिरी. येवढ्यासाठी माझी मान खाली घालती व्हय?"

"तिला चहा तरी पिऊ द्या," चुलीपासून तिची आई, उषाबाई, म्हणाल्या. "पोरीला कप धरता यिना."

"तू गप. धा वाजता शाळेत सत्कार हाये. पोरी लेझीम घेऊन उभ्या राह्यल्यात."

"मला स्टेजवर नेलं तर मी खरं सांगीन."

"मंग येऊच नको! ताप आलाय म्हणतो. पुढच्या साली जाऊन गुपचूप चढून ये. कुणाला कळतंय?"

"याच्यानं?" तिनं हात वर केला. "थंडीनं काळी पडलेली दोन बोटं काढावी लागत्यात, अप्पा. काल डॉक्टरनं सांगितलं. आता दोर धरायचा इषयच न्हाई."

उषाबाईंनी चहाचं भगोनं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

"मंग तर बिलकुल बोलू नको," अप्पा म्हणाले. "बोटं गेली. निदान शिखर तरी राहू दे, माय."

"म्या वर तीन हिसके दिल्ते, अप्पा. ओढायला कुणी नव्हतं. तुम्ही शिकवलं म्हणून माझी मीच वळले."

बाहेरून कारभाऱ्यांनी हाक दिली, "भागवतराव, चला जल्दी! हार सुकून राह्यले!"

अप्पांनी खुंटीवरची टोपी काढली.

"येवढं सांगून जा," राजनंदिनी म्हणाली. "तशीच वर गेले असते, आन् तिथंच राह्यले असते, तर तुमाला बरं वाटलं असतं का?"

अप्पा दारात थांबले. टोपी डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी बराबर केली, चपला पायात सरकवल्या आणि तिला घरातच सोडून कारभाऱ्यांच्या मागं सत्काराला निघून गेले.