शून्याचे खिळे

यादव बैसाणे यांचा राग उशिरा पेटायचा, पण एकदा पेटला की विझायचं नाव घेत नसे. शिंदखेड्याहून सकाळच्या एसटीनं धुळ्याला यायचं आणि कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचं, हे त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. हुद्दा परिचराचा. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता, आणि तसंच स्वच्छ नाव घेऊन निवृत्त व्हायचं, एवढीच त्यांची हौस.

प्रयोगशाळेत त्यांचं लाडकं टेबल एकच. एका यंत्रातून निघालेल्या रेडिओलहरी तिथं दोन सारख्या कर्ण्यांतून बाहेर पडायच्या, आणि समोरून मीटर सरकवत न्यायचा. दोन्हीकडचे उंचवटे एकत्र आले की काटा उसळतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि काटा शून्यावर बसतो. शून्याच्या अशा अकरा जागा यादवभाऊंनी स्वतः शोधल्या आणि तिथं टेबलात पितळी खिळे ठोकले. त्या खिळ्यांच्या जिवावर किती पोरं प्रॅक्टिकलला पास झाली आणि किती प्राध्यापकांनी शिकवल्याचा आव आणला, याची गणती नाही.

निवृत्तीला दोन महिने असताना हेमराज सर विभागप्रमुख म्हणून आले. डॉक्टरेट, पांढरे बूट, आणि परिचरानं नमस्कार केला तरी मोबाइलमधून मान वर न काढण्याची सवय. त्यांनी खिळे पाहिले, मीटर ठेवायच्या जागा याच असणार असं परस्पर ठरवलं, आणि एकेका खिळ्यावर ठेवून बघितला. काटा ढिम्म. वीतभर बाजूला सरकवून बघायचे कष्ट कोण घेणार? संध्याकाळी यादवभाऊंच्या हातात मेमो पडला: हलगर्जीपणाने यंत्र निकामी केले, खुलासा द्यावा. वर तोंडी पुरवणी मिळाली, "तुम्हा लोकांना नोकरी मिळते, पण वस्तूची कदर नसते."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे विचारायची यादवभाऊंना गरज नव्हती. त्यांचे कान तापले.

घरी बायकोनं, मंदाबाईंनी, कागद उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही तोडं का?"

"नही."

"मंग सही कसाले करी?"

"कागद भेटना, त्यानी सही शे." सही मेमो मिळाल्याची होती, गुन्हा कबूल केल्याची नव्हे.

दुसऱ्या दिवशी यादवभाऊ प्राचार्या चारुलता मॅडमना थेट प्रयोगशाळेतच घेऊन आले. हेमराज सरही मागोमाग आले. मीटर खिळ्यावर ठेवला. काटा शून्य.

"बघा," सर म्हणाले.

यादवभाऊंनी आपल्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण डाव्या कर्ण्यासमोर धरलं. काटा वर चढला. झाकण काढलं, पुन्हा शून्य.

"दोन्हीकडून आल्या की इथं एकमेकींना मारतात, मॅडम. यंत्र ठणठणीत आहे."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खुशाल हसले. "मला माहीतच होतं. मी यांची परीक्षा घेत होतो."

मेमो मागे घ्या, असं यादवभाऊंनी तीनदा सांगितलं, एकदा लेखी. "राहू द्या हो फाइलीत, जाताना कोण बघतंय!" हे सरांचं उत्तर. नव्या विभागप्रमुखाशी वाकडं कशाला, म्हणून मॅडमही गप्प बसल्या. सत्तावीस वर्षांच्या नावाला डाग लागला तो लागलाच.

शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ यादवभाऊंनी टेबलावर तसाच ठेवला आणि पक्कड घेतली. अकराही खिळे उपटले, भोकांत मेण भरलं, फडक्यानं टेबल पुसलं. सर आत आले आणि बघतच राहिले.

"अहो, परवा प्रॅक्टिकल आहे! बाहेरचे परीक्षक येणार. शून्याच्या जागा आता कुठे शोधायच्या?"

"तुम्ही माझी परीक्षा घेतली होती ना, सर?" खिळे खिशात टाकत यादवभाऊ म्हणाले. "आता तुमची."

प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांनी नारळाशेजारी ठेवल्या आणि एसटी गाठायला निघाले.