धुळीतलं नाव

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी विशीतला मास्तर, शाळेला सुटी लागली म्हणून अकोल्याहून अमरावतीला कापसाच्या गाडीवर बसून निघालो होतो. गाडीवान पन्नाशीचा. दिवसभर तो फक्त बैलांशीच बोलायचा.

दुपारी कडुनिंबाखाली गाडी सोडल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मले बायकोचं नाव लिवाले शिकवा."

"नाव काय?"

तो मान खाली घालून बैलांकडे वळला. बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत मी विसरलोच होतो.

मग मी काडीने धुळीत एकेक नाव लिहून वाचत गेलो. सखू, गंगा, पार्वती. तो नकारार्थी मान हलवत राहिला. तेराव्या नावाला मान थांबली. ते नाव त्याने बोटाने कितीतरी वेळा गिरवलं.

"घरी दाखवणार?"

"तिले कोठी वाचता येते. माह्यासाठीच हाय. कापूस सुरू झाल्यापासून घरी जानंच होऊन नाही राहिलं."

प्रेमाबद्दल मी तोवर फक्त पुस्तकांत वाचलं होतं.

निघताना शाळेतल्या सवयीने मी हाताने अक्षरं पुसायला गेलो. त्याने माझा हात धरला, आणि बैलांना वळसा घालायला लावून गाडी त्या नावाच्या बाजूने काढली.