युरोपाबद्दल सिरियसली
मुरबाडजवळच्या माझ्या जुन्या शाळेत शनिवारचा विज्ञानाचा तास मला पायजे होता. फुकट शिकवणार होतो. हेडसर बोलले, "एकदा बोलून दाखव, मग बघू."

मी युरोपा घेतला, गुरू ग्रहाचा चंद्र. वर बर्फाचं कवच, खाली बहुतेक समुद्र. तिकडं एक यान निघालंय, अजून वाटेतच हाय. आठवडाभर मोबाइलवर वाचलं, आरशासमोर बोललो.

आता लोचा असा, की गावात मी नकला करणारा. हळदीत माइक मिळाला की कंडक्टर, सरपंच, सगळे काढतो. शाळेत होतो तेव्हा गॅदरिंगला विज्ञानाच्या सरांना पण सोडलं नव्हतं.

त्या दिवशी शर्ट इन करून वर्गात उभा राहिलो. म्हटलं, "मुलांनो, युरोपावर बर्फाखाली समुद्र असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं."

अख्खा वर्ग फुटला. मागून एक ओरडला, "सेम विज्ञानाचे सर!"

मी कोणाचाच आवाज काढला नव्हता. "अरे, हा माझा आवाज हाय!" म्हणून चिडलो, तर बाकं वाजवायला लागले. सर पण असेच चिडतात म्हणे.

तरी रेटलं. यान तिथं उतरणार नाय, परत परत जवळून जाणार. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "उतरणार नाय, तर खाली समुद्र हाय ते कळणार कसं?"

काय मस्त प्रश्न! मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गलका, "दादा, कंडक्टर, कंडक्टर!" जीभ वळवळली माझी, पण नाय केला.

दारात विज्ञानाचे सर हसून हसून डोळे पुसत होते. "गॅदरिंगपेक्षा भारी जमलं रे."

हेडसर बोलले, "यंदा गॅदरिंगला हाच आयटम घे."

"आणि शनिवारचा तास?"

"अरे, तासाला पोरांनी शिकायला नको का?"

डोकं फिरलं. तरातरा गेटपाशी आलो, तर ती मुलगी थांबलेली. तिला सगळं सांगितलं. यानावर रडार हाय, त्याच्या लहरी बर्फात शिरून परत येतात, त्यावरून आतलं कळतं. चुंबकीय क्षेत्र मोजून समुद्राचा अंदाज येतो. न हसता ऐकलं तिनं, अगदी शेवटपर्यंत.

मग बोलली, "दादा, आता तुमच्या आवाजात सांगा ना."