हिरव्या शाईतली सही

ती हिरवी सही आजही डोळ्यांसमोर येते. मी चंद्रपूरकडचा, जेमतेम बारावी झालेला. नाशिकने मला खाकी दिली, घर दिलं, म्हणून जपूनच लिहितो.

सकाळी सरकारी दवाखान्यातून ठाण्यात फोन आला. पेठकडचा एक माणूस खाटेसाठी मंत्रीसाहेबांची चिठ्ठी घेऊन आला होता. तारीख त्याच दिवसाची. साहेबांना वारून महिना झाला होता!

"कुणी दिली?" दवाखान्यात जाऊन मी त्याला विचारलं.

"सायबानंच. आत बसलेत ना."

ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत चढलेल्या साहेबांचं कार्यालय दिंडोरी रस्त्याला होतं. खाटेसाठी म्हणून एक अर्ज लिहून साध्या कपड्यांत गेलो. भर दुपार. खुर्ची रिकामी, वर पंखा चालू, समोर वाफाळता चहा. शेजारी स्टुलावर त्यांचे म्हातारे पीए, तात्या. माझा अर्ज त्यांनी खुर्चीला वाचून दाखवला, कान देऊन ऐकलं, "बरं साहेब" म्हणाले आणि हिरव्या शाईत शेरा मारून सही केली.

तात्यांना ठाण्यात आणून चौकशीला बसवलं तरी माणूस शांत.

"काय तात्या, आमच्या बढतीचंही बघा की!" पीआय साहेब म्हणाले.

"अर्ज करा. विचारतो त्यांना."

कुणी हसलं नाही.

तुलनेला साहेबांची खरी सही हवी होती. ती माझ्याकडे होती. पूर्वी बायकोच्या ऑपरेशनला त्यांच्याच चिठ्ठीने खाट मिळाली होती. ती चिठ्ठी मी देव्हाऱ्यात जपलेली. अभिमानाने जमा केली. हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल आला: दोन्ही सह्या एकाच हाताच्या.

जामिनावर सुटलेले तात्या दर सोमवारी हजेरीला यायचे. त्यांना बाकावर गाठलं.

"माझी चिठ्ठीपण तुम्हीच?"

"साहेबांची शाळा चौथीत सुटली, हवालदार. सभा गाजवायचे, पण पेन धरलं की घाम फुटायचा. पहिल्या निवडणुकीपासून ते सांगायचे, मी लिहायचो." मग बाकावरच्या मोकळ्या जागेकडे वळून त्यांनी क्षणभर ऐकलं. "विचारतायत, वहिनींचं दुखणं पुन्हा उलटलं नाही ना?"

एवढी मोठी कारकीर्द, पण तिच्यातलं एक अक्षरही त्या माणसाच्या हातचं नव्हतं. तरी माझी बायको जगली, हेही खरंच. उपकार कुणाचे, हे कुठल्या जबाबात लिहायचं ते मला कळलं नाही.

चिठ्ठी अजून मुद्देमालात आहे. बायको म्हणते, अर्ज करा, परत देतील. दोनदा लिहायला बसलो. पण त्यावर शेरा कुणाच्या हातचा येईल, या विचाराने कागद तसाच घडी करून ठेवला.